येताना दोन रूळ घेऊन ये

खालचा कोंड, उमरठनजीक
पौष वद्य पंचमी, शके १८५७

चिरंजीव मुरारी,

आबाचा आशीर्वाद घे. आम्ही सारी बरी आहोत. माझा उजवा गुडघा बरा नाही, पण तो कधीच बरा नव्हता. तुझी खुशाली कळली ती दिवाळीतली. दिवाळीनंतर माणसाला काहीही होऊ शकते. तू भट्टीपाशी काम करतोस. भट्टीकडे पाठ करून उभा राहू नकोस. तोंड करूनही उभा राहू नकोस. बाजूला उभा राहत जा.

आता मुख्य गोष्ट. पौषात लग्नाची बोलणी करायची नसतात, म्हणून मी केली नाहीत. नुसता बोललो. वहाळापलीकडच्या महिपतीची आवडी तुला ठाऊक आहे. लहानपणी तिने तुझ्या डोक्यात कैरी मारली होती. मुलगी चांगली आहे. महिपतीला तूही पसंत आहेस, पण त्याने मेख मारून ठेवली. म्हणाला, "गोमाजीदा, पावसात तुमचा कोंड म्हणजे लंका. दरसाल वहाळावरचा लाकडी साकव वाहून जातो. माझी पोर आषाढात आजारी पडली तर मी काय पोहत येऊ? साकव पक्का करा, मग पोर न्या."

चारचौघांत बोलला रे! रावजी गुरव होता, चांगू लोहार होता. माझ्या तोंडून निघून गेले, "लाकडाचा कशाला? माझा पोरगा लोखंडाच्या कारखान्यात हाय. लोखंडी साकव घालतो!"

महिपती म्हणाला, "कधी?"

मी म्हणालो, "वैशाखात."

तर येताना दोन रूळ घेऊन ये. आगगाडीखाली असतात तसे. तिथे ढिगाने पडलेले असतील. चोरून आणू नकोस, विचारून आण. जड वाटले तर एकच आण, दुसरा दिवाळीला आणता येईल.

तुझी आई म्हणते, पोराला फार उपदेश करू नका. म्हणून थांबतो. वाफेच्या यंत्राजवळ धोतराचा सोगा मोकळा सोडू नकोस.

गोमाजी


कारखान्याची वसाहत
२८ जानेवारी १९३६

आबांच्या आणि आईच्या पायांवर डोके ठेवतो.

पत्र वाचून आधी हसलो, मग घाम फुटला. आबा, एक रूळ उचलायला दहा-बारा गडी लागतात. तो काखोटीला मारून आणता येत नाही. आणि तो माझा नाही, कारखान्याचा आहे.

तुमच्या डोळ्यांपुढे चांगूकाकाची भट्टी असेल. आमची भट्टी म्हणजे माडावर माड ठेवावा एवढी उंच. डोंगर फोडून आणलेले लालसर दगड वरून आत ओततात. कोळसा आधी वेगळ्या भट्ट्यांत भाजून घेतात, मग तोही ओततात. खालून लोखंड बाहेर पडते ते नाचणीच्या आंबिलीसारखे, फक्त डोळे दिपवणारे. पुढे त्याचे पोलाद करतात, पोलादाचे लाल ठोकळे करतात आणि ते ठोकळे मोठमोठ्या लाटण्यांमधून पोळीसारखे लाटत नेतात. एका फाटकातून दगड आत जातो आणि दुसऱ्या फाटकातून रूळ बाहेर येतो. मधले सगळे एकाच आवारात.

सध्या सगळीकडे मोडतोड चालू आहे. जुन्याच्या शेजारी नवी भट्टी उभी राहत आहे. जुन्या भट्टीत आम्ही ढकलगाड्यांनी दगड नेऊन हाताने ओतायचो. नवीला विजेवर चढणारा पाळणा आहे. तो भरला की आपोआप वर जातो आणि उलटा होतो. आता माझे काम यंत्र करणार. बाकी ठीक.

महिपतीकाकांना खरे काय ते सांगून टाका.

मुरारी


खालचा कोंड
माघी पौर्णिमा

चिरंजीव मुरारी,

आबाचा आशीर्वाद आहेच, पण राग पण आहे. नोकरी गेली हे बापाला असे कोपऱ्यात लिहितात? आणि पुढे "बाकी ठीक"! बाकी राहिले काय?

मी हे कोणालाही सांगितलेले नाही. तुझ्या आईलाही नाही. फक्त रावजी गुरवाला शपथ घालून सांगितले. त्यामुळे आता सगळ्या कोंडाला माहीत आहे.

रावजीकडून काळकाईला कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुले चिकटवली आणि विचारले, पोरगा घरी येणार का? उजवे फूल पडले. म्हणजे येणार. खोटे कशाला लिहू, मला बरे वाटले. डोंगरावरची वरकस जमीन तशीच पडली आहे. यंत्राने तुला हाकलले, तर यंत्राला माझा एक नारळ.

पण मग रात्रभर झोप नाही. नोकरी नसलेल्या माणसाला महिपती मुलगी कशी देईल? खरे सांगून टाका म्हणतोस. कोणते खरे? रूळ येणार नाहीत हे, की नोकरी गेली हे? महिपतीच्या तोंडावर एका वेळी एकच खरे सांगता येते.

चांगूला मी तुझे पत्र वाचून दाखवले. तो भाता सोडून हसला. म्हणाला, "दगडाची आंबील करतात, तर करू देत. पण गोमाजीदा, इचारा त्याला, एवढ्या कारखान्यात नांगराचा एक फाळ तरी होतो का?" लगेच कळव. माझी लाज त्या फाळावर आहे.

गोमाजी


कारखान्याची वसाहत
२० फेब्रुवारी १९३६

आबांस आणि आईस नमस्कार.

आबा, नोकरी गेली नाही. ढकलगाडी गेली. आता त्या पाळण्याचा दांडा माझ्याच हाती दिला आहे. वर काचेच्या खोलीत बसायचे आणि घंटा झाली की दांडा ओढायचा; सध्या रिकाम्या पाळण्यावर शिकतो आहे. पगारही वाढला. नारळ यंत्राला नको, काळकाईलाच द्या.

चांगूकाकांना सांगा, इथे फाळ होत नाही. तासाला गाडीभर रूळ होतात, पण एक फाळ करा म्हटले तर कोणाला करता येणार नाही. त्यांचे हसणे रास्त आहे.

आता साकवाचे. रूळ लाटायची जुनी, वाफेवरची गिरणी बंद होत आहे. तिच्या जागी विजेवरची येत आहे. जुनीच्या शेवटच्या पाळीतले जे रूळ लांबीला कमी भरतील ते मोडीत निघणार. मी धीर करून फोरमनसाहेबाला विचारले. त्याने विचारले, रूळ कशाला? मी म्हणालो, लग्नासाठी. त्याला वाटले, आमच्यात हुंडा रुळांनी देतात. सगळे समजावून सांगितल्यावर तो बराच वेळ हसला आणि मोडीच्या भावाने दोन रूळ द्यायला कबूल झाला. तेव्हा वहाळाची रुंदी कळवा. नीट मोजा.

नवी भट्टी पेटल्याशिवाय मला रजा नाही. एकदा पेटली की ती वर्षानुवर्षे विझवायची नसते. आई रात्री चुलीतला विस्तव राखेखाली जपते, तसेच. फक्त इथे झोपायचे नाही.

इथे कामगारांसाठी नव्या विटांच्या खोल्या बांधत आहेत. दारात नळ आहे. मीही नाव दिले आहे.

आवडी कधी महाडच्या पुढे गेली आहे का? सहज विचारतो.

मुरारी


खालचा कोंड
फाल्गुन वद्य द्वितीया

चिरंजीव मुरारी,

आशीर्वाद. नोकरी राहिली, बरे झाले. काचेच्या खोलीत बसतोस ते मात्र मला पसंत नाही. काच फुटते.

इथे अनर्थ झाला आहे. शिमग्याला पोरे लाकडे चोरतात हे तुला ठाऊक आहे, तूही माझा गोठ्याचा दरवाजा नेला होतास. होळीत पडलेले लाकूड परत मागायचे नसते. यंदा पोरांनी साकव नेला. अख्खा! सकाळी उठून पाहतो तर वहाळ मोकळा. मी ओरडलो, तर म्हणतात, "आबा, आता तुमचा लोखंडी येणार हाय ना? मग जुना कशाला ठेवायचा?" रावजी गुरव म्हणाला, होळी यंदा फार उंच गेली, शुभ आहे. शुभ त्याचे, साकव माझा. आता रूळ आले नाहीत तर महिपती तर राहिलाच, सगळा कोंड मला वहाळात उभा करील आणि माझ्या पाठीवरून चालत जाईल.

रुंदी मोजली. मी हाताने मोजली ती वेगळी आली, चांगूने मोजली ती वेगळी. त्याचा हात भाता ओढून लांबला आहे. भांडण होऊ लागले, तेव्हा तुझी आई म्हणाली, "मोजता कशाला? कासराच पाठवा." म्हणून बैलाचा कासरा वहाळावर या काठापासून त्या काठापर्यंत ताणला. दोन्हीकडे बूड टेकायला जागा धरली, गाठ मारली आणि सोबत पोस्टाने पाठवला आहे. गाठीपर्यंत रूळ हवा. कासरा नवा आहे, अंबाडीचा आहे. परत आण.

आवडी महाडच्या पुढे कशाला जाईल? शहाणी मुलगी आहे.

गोमाजी


कारखान्याची वसाहत
१२ एप्रिल १९३६

आबांस आणि आईस नमस्कार.

कासरा पोचला. फोरमनसाहेबाने तो हातात घेऊन आधी गाठ पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. म्हणाला, या कारखान्यात विलायतेहून नकाशे येतात, अमेरिकेहून येतात, पण वास येणारा नकाशा पहिल्यांदाच आला. तरी त्याने रूळ कासऱ्याप्रमाणेच कापून दिले. आगगाडीने मुंबईला निघाले आहेत. तिथून मचव्यातून महाडच्या बंदरावर येतील. पोलादपूरपर्यंत बैलगाडी करा. पुढे कोंडातली माणसे घ्या, आणि पाय जपा.

परवा नवी भट्टी पेटवली. पहिले लोखंड वाहिले तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. पलीकडे जुन्या भट्टीवरचे म्हातारे गडी हात बांधून उभे होते. त्यांतल्या काहींना नवीकडे घेतले, काहींना नाही. मी दांडा ओढताना त्यांच्याकडे बघायचे टाळतो.

पौर्णिमा झाली की निघतो. आल्यावर एक गोष्ट समक्ष बोलायची आहे.

मुरारी


खालचा कोंड
वैशाख शुद्ध सप्तमी, शके १८५८

चिरंजीव मुरारी,

ताबडतोब ये. रूळ आले आणि देव झाले.

सांगतो. महाडहून गाड्या आल्या तेव्हा सगळे ठीक होते. पोलादपूरपासून कोंडातल्या माणसांनी खांदे दिले. पोर सासरी निघावी तसे ढोल लावून आणले. वेशीवर बायका आरती घेऊन उभ्या. नवी वस्तू घरात घेताना हळदकुंकू लावतोच आपण, तेवढेच व्हायचे होते. पण कुंकू लावताना रावजी गुरवाला रुळाच्या अंगावर अक्षरे दिसली. इंग्रजी असावीत. कोरलेली नाहीत रे, अंगातून वर आलेली! त्याने हात फिरवून पाहिला आणि हात जोडले. म्हणाला, "छिन्नीचा घाव नाय. अक्षर आतून आलंय. स्वयंभू हाय!"

चांगूने पाहिले. म्हणाला, "अशी अक्षरं मला काय, माझ्या बापाला काढता आली नसती." एरवी कारखान्याला नावे ठेवणारा माणूस! त्याने असे म्हटल्यावर बाकीचे आडवेच झाले. नारळ फुटले. एक कोंबडेही गेले, आपलेच.

चांगूने रूळ वहाळावर बसवले, वर ऐनाच्या फळ्या ठोकल्या. उत्तम साकव झाला. पण कोणी पाय ठेवीना. मी म्हणालो, पाय फळीवर पडतो, रुळावर नाही. रावजी म्हणाला, "देवाच्या डोक्यावर पाट ठेवून त्यावर बसशील का?" मी पाय मागे घेतला.

आता चित्र असे आहे. वहाळावर लोखंडी साकव. त्याला हार. त्याच्यापुढे उदबत्ती. आणि सारा कोंड धोतर वर धरून शेजारून पाण्यातून जातो. मीही तसाच जातो. महिपती पलीकडच्या काठावर येऊन बघून गेला. म्हणाला, "गोमाजीदा, मी साकव मागितला होता. तुम्ही देऊळ बांधलंत. पावसात माझी पोर देवळावरून कशी येईल?"

अक्षरे कशाची आहेत? खरोखर आतून येतात का? मलाही थोडे वाटते, म्हणून विचारतो.

गोमाजी


कारखान्याची वसाहत
३ मे १९३६

आबांस नमस्कार.

अक्षरे आतून येत नाहीत. लाटण्यांवर ती खोलगट कोरलेली असतात, लाटताना रुळावर उठतात. आईच्या करंजीच्या साच्यावरची नक्षी करंजीवर उठते, तसे. त्यात कारखान्याचे नाव आहे आणि साल आहे. प्रत्येक रुळावर असते. तसे असेल तर मुंबईपर्यंतची आगगाडी देवावरूनच धावते.

इथले लोक वर्षातून एकदा विश्वकर्म्याची पूजा करतात. यंत्राला हार घालतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच यंत्रावर चढून त्याला तेल पाजतात. हे रावजीकाकांना सांगा. मी आठ-दहा दिवसांत निघतोच आहे.

मुरारी


खालचा कोंड
वैशाख वद्य प्रतिपदा
(लिहिणार कुशाबा मास्तर. येसूबाई सांगतात तसे लिहिले आहे, माझा शब्द नाही.)

मुरारी बाळा,

तुझ्या आबांनी करंजीचे गुरवाला सांगितले. गुरव म्हणाला, "करंजी आपण खातो, तशी याची गोष्ट नाय." आता आबा जेवत नाहीत. म्हणतात, माझ्या एका बोलण्यापायी पोराचे लग्न मोडले. आज तर पावसाचे ढग पाहून घाबरले, ढग नव्हतेच.

मग मी काल पाण्यातून पलीकडे गेले. आवडीच्या आईला, ठकूबाईला, भेटले. दोघी बसलो. मी म्हटले, "ठकूबाय, धान्य म्हणजे लक्ष्मी ना? मग नवरी घरात शिरताना तांदळाच्या मापाला पाय लावते, तेव्हा पाप लागते का?" ती म्हणाली, "नाय गो, ती तर स्वतःच लक्ष्मी." मी म्हटले, "मग यंदा माप दारात ठेवायचं नाय. साकवावर ठेवायचं. लक्ष्मीनं वाट दिली की मागून कोणी पण जावं." आवडी आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "मापाला पाय जोरात मारू की हळू?" मला सून पसंत आहे.

मग गुरवाला सांगून कौल लावला. काळकाईने उजवे फूल दिले. कोणते फूल किती ओले करून गुरवाच्या हाती दिले की आधी पडते हे मला चाळीस वर्षे ठाऊक आहे. हे आबांना लिहू नकोस. त्यांना वाटते देवीने त्यांची लाज राखली. वाटू दे.

महिपती आधी म्हणत होता, साकव झाल्याशिवाय लग्न नाही. आता लग्न झाल्याशिवाय साकव नाही. तोही पंचांग काढून बसला आहे.

आणि दारात नळ असलेली खोली तू एकट्यासाठी मागितली नाहीस, हे मला कळले. आबांना नाही कळले. त्यांना ते तूच सांग. तोंडावर सांग, पत्राच्या कोपऱ्यात नको.

तुझी आई


खालचा कोंड
ज्येष्ठ वद्य एकादशी

चिरंजीव मुरारी,

आशीर्वाद. तुम्ही दोघे सुखरूप पोचल्याचे कळले. कसे कळले ते पुढे सांगतो.

लग्नाला तू होतास, तरी लिहितो. कारण तू मुंडावळ्या बांधून पुढे होतास, मागे काय चालले ते तुला दिसले नाही. आवडीने मापाला पाय मारला तो असा की तांदूळ वहाळात, मापही वहाळात. मासे वर आले. महिपती म्हणाला, "माझी पोर हाय!" त्याला वाटले कोणी ऐकले नाही. ती पुढे गेली, तू गेलास, मग वऱ्हाड गेले. वाजंत्री गेली. रावजी गुरव सगळ्यांत मागे उभा होता. मला वाटले आता हा काहीतरी काढतो. तर त्याला पलीकडे पंगत बसलेली दिसली, आणि तो फळ्यांवरून धावत गेला.

मी नाही गेलो. मी पाण्यातून गेलो. तुझी आई वरून चालत होती आणि खाली माझ्याकडे बघून हसत होती. पन्नाशी उलटलेल्या बाईने चारचौघांत असे हसू नये.

मग सातव्या दिवशी तू पडवीत बसून ती गोष्ट सांगितलीस. मी तुला बरेच बोललो. ते परत घेत नाही. एवढा खटाटोप करून मी साकव घातला तो सून घरात यावी म्हणून. आली, आणि सात दिवसांनी त्याच साकवावरून ट्रंक घेऊन गेली. महिपतीने मला सुनावले, "मी चार महिन्यांसाठी भीत होतो, तुम्ही बारा महिन्यांसाठी पाठवलीत." पण तो डोळे पुसत होता, म्हणून मी पानाची पिशवी सोडली. दोघांनी मिळून सुपारी खाल्ली.

आता पाऊस लागला आहे. वहाळ काठोकाठ आहे. पाण्यातून जाणे बंद. म्हणून मी आठ दिवस पलीकडे गेलोच नाही. घरातच बरे. आज सकाळी उमरठचा पोस्टमन पलीकडच्या काठावर येऊन ओरडला, "गोमाजीदा, सुनेचं पत्र हाय!" मी म्हणालो, "घेऊन ये." तो म्हणाला, "पायात सरकारी बूट हायत. चामडं घालून देवावर येऊ का? आणि हे चिखलात काढून परत कोण घालणार?" पाऊस धो धो. पत्र त्याच्या हातात. भिजले असते तर शाई गेली असती.

वहाणा काढून हातात घेतल्या. रुळाला हात लावून म्हटले, काय असशील ते अस, एकवार माफ कर. आणि गेलो. मधोमध गेल्यावर खाली पाहिले. पाहायला नको होते. पाणी लाल झाले आहे, झाडाचे बुंधे येऊन आपटतात, आणि पायाखाली काही हलत नाही. अजिबात हलत नाही रे. मी थोडा वेळ उभाच राहिलो. पोस्टमन ओरडत होता.

पत्र तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवले. आवडी लिहिते, रात्री भट्टीचा उजेड खोलीत येतो, दिवा लागत नाही. नळाला पाणी दिवसातून दोनदा येते. आणि पुढे लिहिते, "आबा, तुमचा कासरा इथेच राहिला. खुंटीला टांगला आहे. पोस्टाने पाठवणार नाही. येऊन घेऊन जा."

कासरा नवा होता. तो असा टाकून देता येत नाही. भात कापून झाले की निघावे म्हणतो. तुझी आई आताच लाडवांचे डबे घासायला बसली आहे, मी काही बोललो नव्हतो. तोवर भट्टी खोलीपासून किती लांब आहे ते कळव. गाडीत खिडकीपाशी बसावे की आत, तेही कळव.

आणि येताना काय घेऊन येऊ ते लिही. जड असले तरी चालेल.

गोमाजी